टीव्ही युनिटच्या कप्प्यातला कॉम्प्युटर

टीव्ही युनिटचा उजवीकडचा कप्पा आतून ३१० मिलिमीटर रुंद, ४०० उंच आणि ४०० खोल आहे. आमचा कॉम्प्युटर कसा असणार हे या तीन आकड्यांनी ठरवलं, आणि त्यातल्या तिसऱ्याने सगळ्यात जास्त छळलं. मॉड्युलर फर्निचरची ड्रॉइंग काढणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मुलगा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांच्या याद्या करत होता, तेव्हा मी कप्प्यात टेप धरून बसले होते.

कर्वेनगरमधल्या आमच्या हॉलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही आहे. मुलाला त्यावर खेळायचं होतं. सासऱ्यांकडे एका हार्डडिस्कवर नाट्यसंगीताच्या मैफली, घरच्या लग्नांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली आणि काय काय साठवलेलं आहे. टीव्हीच्या यूएसबीत ती लावली की निम्म्या फाइलींना चित्र दिसतं पण आवाज येत नाही, उरलेल्या काही उघडतच नाहीत. नवऱ्याचं मत सरळ होतं, प्लेस्टेशन घ्या आणि विषय संपवा. पण प्लेस्टेशनवर कोडी, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या फाइली चालवणारं सॉफ्टवेअर, चालत नाही, म्हणजे बाबांची हार्डडिस्क तशीच राहणार. शिवाय मुलाने स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात, सेलमध्ये घेतलेले खेळ तिथे पुन्हा विकत घ्यावे लागणार, आणि विकतचे बहुतेक खेळ ऑनलाइन खेळायचे तर वर्षाची वर्गणी वेगळी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने सहा इंची ठोकळ्याएवढी स्टीम मशीन, म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळांचा कॉम्प्युटर, जाहीर केली, तेव्हा मुलगा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात धावत आला. वस्तू नेमकी आम्हाला हवी तशीच. पण व्हॉल्वने त्यांचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्रसुद्धा भारतात कधी अधिकृतपणे विकलेलं नाही. बाहेरून मागवायचं, कस्टम भरायचं आणि बिघडलं तर कुणाचं दार वाजवायचं, हे मला पटेना. तयार मिनी पीसीचाही विचार झाला. सिनेमे आणि गाण्यांना ते उत्तम, वीज कमी खातात, कप्प्यात दिसतही नाहीत. पण त्यात लॅपटॉपची चिप असते आणि फोर-के टीव्हीवर खेळताना तिचा जीव जातो.

मग सुटे भाग जुळवायचे ठरलं. सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत.

कॅबिनेट आधी निवडलं. छोट्या कॉम्प्युटरच्या बोर्डाचं माप ठरलेलं असतं, मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिलिमीटर. व्हिया कंपनीने २००१ मध्ये ते आणलं आणि अजून तेच चालू आहे. बोर्ड तेवढाच असला तरी त्याभोवतीचं कॅबिनेट दहा लिटरचंही मिळतं आणि वीस लिटरचंही. कॅबिनेटचं आकारमान लिटरमध्ये मोजतात याची मला आधी गंमत वाटली, पण पद्धत सोयीची आहे. मुलाचं मन बसलं होतं ते फ्रॅक्टलच्या रिजवर. १२.६ लिटरचं, सडपातळ, अगदी कन्सोलसारखं दिसणारं. दिसायला मलाही तेच आवडलं होतं. अडचण त्याच्या आतल्या उंचीची. प्रोसेसरचा कूलर त्यात ७० मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही. म्हणजे बुटका कूलर आणि त्यावर पातळ पंखा. तेवढीच हवा ढकलायला पातळ किंवा लहान पंख्याला जास्त जोरात फिरावं लागतं, आणि तो गुणगुणत नाही, किंचाळतो.

आवाजाबद्दल मी इतकी हट्टी का, ते सांगते. वर्षातले आठ-नऊ महिने आमच्या हॉलमधला छताचा पंखा चालू असतो. तो तीनवर असला की कॉम्प्युटरचा कुठलाही पंखा ऐकू येत नाही. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. पुण्यात थंडी पडते, पंखे बंद होतात, रस्त्यावरची वर्दळ दहानंतर ओसरते आणि बाबा सोफ्यावर बसून एखादी जुनी मैफल लावतात. त्या मैफलीतल्या दोन आलापांच्या मधल्या शांततेत कप्प्यातून घूंऽऽ असा आवाज आला तर कॉम्प्युटर घरात राहणार नाही. म्हणून माझी अट अशी होती की पंखे १२० मिलिमीटरचे आणि हळू फिरणारे हवेत, त्यासाठी कॅबिनेट पाच-सहा लिटरने मोठं झालं तरी चालेल.

कूलर मास्टरचं एनआर२०० या अटीत बसलं. १८.२५ लिटर. आत १५५ मिलिमीटरपर्यंतचा उभा कूलर राहतो, ३३० मिलिमीटरपर्यंत लांबीचं ग्राफिक्स कार्ड जातं. बाहेरून १८५ रुंद, २९२ उंच, ३७६ लांब. ३१० रुंदीच्या कप्प्यात दोन्ही बाजूंना साठेक मिलिमीटर मोकळे राहतात, वर शंभराहून जास्त. हवा खालून आणि बाजूंनी आत यायला आणि वरून बाहेर जायला एवढं पुरतं. राहिली खोली. ३७६ चं कॅबिनेट ४०० च्या कप्प्यात जातं असं कुणालाही वाटेल. पण मागे एचडीएमआयची पिन उभी राहते, तिच्यामागे वायर वळायला जागा लागते, तशीच वीजेच्या वायरला. पन्नास मिलिमीटर धरायलाच हवेत. झाले ४२६. शिवाय मागे प्लायवूडची पाठ असताना गरम हवा जाणार कुठे?

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कप्प्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, चांगलं लॅमिनेट केलेलं युनिट आहे, कापायचं कशाला? वर ठेवा की मशीन." शेवटी कप्प्याची पाठ कापली, शटर काढून टाकलं आणि युनिट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढलं. त्या फटीतून गरम हवा सरळ वर जाते. छोटा कॉम्प्युटर बंद कप्प्यात ठेवून वर महागातला कूलर बसवणाऱ्यांचे फोटो मी पुष्कळ पाहिले. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणाऱ्या डब्याला कूलर काय करणार?

कॅबिनेट ठरल्यावर एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आपोआप ठरला, निदान आकार तरी. एनआर२०० मध्ये एसएफएक्स या लहान मापाचा लागतो, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा. टिळक रस्त्याजवळच्या एका दुकानात विचारलं, तर काउंटरवरचे काका मुलाकडे बघूनच बोलत राहिले. "अरे, एवढ्या पैशात मोठा टॉवर येतो, वर आरजीबी लायटिंग येतं. हा लहान एसएमपीएस कुणी घेत नाही, मागवायला लागेल." मागवायला लागेल हे वाक्य पुढे सगळीकडे भेटलं. पुण्यात साधे, मोठ्या मापाचे एटीएक्स भाग हवे तितके आहेत, पण आयटीएक्स बोर्ड आणि एसएफएक्स एसएमपीएस शेल्फवर क्वचितच दिसतात. कामासाठी मुंबईला गेले तेव्हा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी तो रस्ता सगळ्यांना लॅमिंग्टन म्हणूनच माहीत. तिथे निवड जास्त होती, भावात मात्र गाडीभाडं निघेल एवढासुद्धा फरक नव्हता. मग पुण्यातल्याच दुसऱ्या एका दुकानदाराकडून मागवलं. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर, आणि वॉरंटीला वस्तू त्यांच्याकडेच आणून द्यायची, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी कबूल केल्या. १८ टक्के जीएसटी वाचवून देतो म्हणणारेही भेटले. तीन वर्षांच्या वॉरंटीच्या वस्तूला कच्चं बिल घेणं मला तरी जमणार नाही.

किती वॅटचा घ्यायचा यावर मुलाचा आणि माझा वाद झाला. त्याच्या यादीत ८५० वॅट होते. मी बेरीज मांडली. रायझन ५ ७६०० या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी पूर्ण जोरात तो ८८ वॅटपर्यंत घेतो. जी ग्राफिक्स कार्डं आमच्या बजेटमध्ये होती ती १४५ ते १६० वॅटची. बोर्ड, एसएसडी, पंखे धरून तीनशेच्या घरात सगळं आटोपतं. ६५० वॅटचा, वीज कमी वाया घालवणाऱ्या गोल्ड दर्जाचा एसएमपीएस घेतला तर तो कायम अर्ध्या भाराखाली राहतो आणि त्याचा पंखा बराच वेळ फिरतही नाही. इथेही शेवटी निकष आवाजाचाच.

आता प्रोसेसर. हा निर्णय सर्वांत रंगला, कारण त्यात रॅमचे भाव घुसले. आमची पहिली योजना काटकसरीची होती. रायझन ५ ८६००जी घ्यायचा. त्यात रेडिऑन ७६०एम हे ग्राफिक्स आतच असतं, त्यामुळे वेगळं कार्ड आत्ता नको, पुढच्या दिवाळीला बघू. कागदावर ही योजना फार शहाणी दिसते. पण तपशिलात गेलं की तिचे टाके उसवतात. ८६००जी मध्ये एलथ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, १६ एमबी आहे, ७६०० मध्ये ३२. पुढे कार्ड लावलंच तर ८६००जी त्याला पीसीआयई ४.० च्या, म्हणजे कार्डाकडे माहितीची ने-आण करणाऱ्या, आठच लेन देतो. म्हणजे उद्या लावायच्या कार्डासाठी आजच तडजोड. आणि मुख्य म्हणजे आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते कॉम्प्युटरची रॅम वापरतं. त्यामुळे रॅमच्या दोन सारख्या, वेगवान पट्ट्या हव्यातच. डीडीआर५ ६००० या रॅमच्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ९६ जीबी पुरवतात, एक लावली तर निम्मे. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी या वेगळ्या कार्डावरच्या मेमरीचा हाच आकडा ३२० च्या आसपास आहे.

दिवाळीत मी रॅमचे भाव लिहून ठेवले होते. डिसेंबरमध्ये खरेदीला बसलो तेव्हा ते दुपटीच्या पुढे गेले होते. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. त्याच महिन्यात मायक्रॉनने क्रुशल या नावाने होणारी किरकोळ विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदार म्हणाले, "ताई, आज सांगितलेला भाव उद्या धरू नका." रॅम म्हणजे भाजीबाजारातला टोमॅटो झाला होता.

त्यामुळे ज्या योजनेत दोन चांगल्या पट्ट्यांशिवाय चालतच नाही, ती स्वस्त योजना महाग झाली. उलट वेगळं कार्ड असेल तर खेळाचा मोठा भार कार्डावरच्या मेमरीवर जातो. फोर-के टीव्हीवर अडतं ते बहुतेक वेळा कार्डापाशीच, प्रोसेसर-रॅमपाशी नाही. मग मी असं केलं, रायझन ५ ७६०० घेतला आणि १६ जीबीची एकच पट्टी. आयटीएक्स बोर्डावर रॅमच्या जागा दोनच असतात. आठ-आठच्या दोन घेतल्या असत्या तर पुढे वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागल्या असत्या. एक जागा रिकामी ठेवली आहे. जाणकार एक पट्टी म्हटलं की नाक मुरडतात, आणि प्रोसेसर जास्त लागणाऱ्या खेळांत त्यांचं बरोबरही आहे. आमच्या टीव्हीवर साठ फ्रेमची, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांची, मर्यादा घातल्यावर मला फरक दिसला नाही, मुलाला दिसतो म्हणे.

या साठच्या आकड्याने कार्डाचा प्रश्नही सोपा केला. आमचा टीव्ही ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढीच चित्रं दाखवणारा आहे. १२० हर्ट्झचा असता तर फोर-के १२० साठी एचडीएमआय या जोडणीची २.१ ही आवृत्ती लागली असती, आणि तिथे एक वेगळंच लचांड आहे. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमवर, एएमडीची कार्डं चालवणाऱ्या मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायला हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नकार दिल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. ज्यांचा टीव्ही १२० चा आहे आणि ज्यांना टीव्हीवर लिनक्स हवं आहे त्यांनी कार्ड घेण्याआधी हे नीट बघावं. आम्हाला साठच पुरे, तेवढं एचडीएमआय २.० च्या सेकंदाला १८ गिगाबिटमध्ये बसतं.

कार्डाच्या बाबतीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी असे दोन उमेदवार उरले. पहिलं १४५ वॅटचं, ८ जीबीचं. दुसरं १६ जीबीचं घेतलं तर १६० वॅट, आणि अर्थात महाग. फोर-के चित्रात ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीच्या चौपट. या भावातली कार्डं ते सगळे ठिपके स्वतः रंगवू शकत नाहीत. ती १४४० वर, म्हणजे सुमारे ३७ लाख ठिपक्यांवर चित्र काढतात आणि तिथून मोठं करतात. एनव्हिडियाचं डीएलएसएस हे काम छान करतं, एएमडीचं एफएसआर ४ आता त्याच्या जवळ पोचलं आहे. सोफ्यावरून, नऊ फुटांवरून मला दोन्हीत फरक सांगता येणार नाही. पण मोठ्या पडद्यावर चांगल्या दर्जाची टेक्स्चर, म्हणजे खेळातल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं, लावली की ८ जीबी भरून जातात आणि खेळ अडखळायला लागतो. ते मात्र नऊ फुटांवरूनही दिसतं. म्हणून १६ जीबी. तीन पंख्यांचं लांबलचक कार्ड कॅबिनेटमध्ये मावलं असतं, तरी मी दोन पंख्यांचं, जाडीला कमी असलेलं घेतलं. एनआर२०० मध्ये कार्डाच्या खाली पंखे बसवायची सोय आहे आणि कार्ड पातळ असेल तर तिथे १५ मिलिमीटर जाडीचे दोन पंखे राहतात.

बोर्डाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, भाव सोडून. तेच चिपसेट मायक्रो-एटीएक्समध्ये जितक्याला मिळतं, त्याच्या दीडपट पैसे आयटीएक्सला मोजावे लागतात. लहान वस्तू महाग हे फर्निचरमध्येही आहेच. ए६२० चिपसेटच्या बोर्डावर काम भागलं असतं, पण बी६५० मध्ये एसएसडीसाठी दोन जागा मिळाल्या म्हणून ते घेतलं. एसएसडी दोन टीबीची ठरली होती, तिचे भावही चढू लागले होते, एक टीबीवर आलो. बाबांची हार्डडिस्क बाहेरूनच यूएसबीला लावली. कूलर डीपकूलचा एजी४००, १५० मिलिमीटर उंच, म्हणजे १५५ च्या हद्दीत. स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो.

जुळवणी घरीच केली, जेवणाच्या टेबलावर. यात एकच सांगते, लहान कॅबिनेटमध्ये क्रमाला महत्त्व आहे. प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि प्रोसेसरच्या पॉवरची वायर हे सगळं बोर्ड आत जाण्याआधी किंवा कूलर चढण्याआधी उरकायचं. नंतर तिथे बोट जात नाही. आणि वायफायच्या दोन अँटेना बोर्डाला लावायच्याच, घरात लॅनची वायर असली तरी. ब्लूटूथही त्यांच्यातूनच चालतं. त्या नसल्या तर सोफ्यावरून कंट्रोलर तुटक तुटक चालतो.

यूपीएसला मी आधी नाही म्हणत होते. पण पुण्यात राहून गुरुवारची वीज गृहीत धरून चालत नाही, आणि पावसाळ्यात तर वार बघायचीही गरज नसते. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. खेळ चालू असताना कॉम्प्युटर तीनशे आणि वर टीव्ही, म्हणजे तो पहिल्याच झटक्याला मान टाकणार. हजार व्हीएच्या पुढचा घेतला, त्यावर खेळ सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे ना हे पाहावं. चांगल्या एसएमपीएसना चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर मानवत नाही.

पंख्यांचा वेग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बसवायला एक रविवार गेला. प्रोसेसरचा पंखा साठ अंशांपर्यंत एकाच संथ वेगाने फिरू दे, तिथून पुढे चढू दे, असं लावलं. दर सेकंदाला वरखाली होणारा आवाज सारख्या आवाजापेक्षा जास्त टोचतो. खेळाला साठ फ्रेमची मर्यादा घातल्यामुळे कार्डही विनाकारण तापत नाही. मैफल चालू असताना कॉम्प्युटर पन्नास वॅटच्या आसपास घेतो, चार तासांना जेमतेम पाव युनिट. मिनी पीसी याहून पुष्कळ कमी घेईल हे खरं, ७६०० ची बांधणीच अशी आहे की तो नुसता बसून राहिला तरी थोडं जास्त खातो.

लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी खेळांसाठी बनवलेलं बॅझाइट टाकलं. सुरू झालं की थेट स्टीमचा मोठ्या पडद्याचा मेनू येतो, आणि त्यातच कोडीचं चित्र बाबांसाठी पहिल्या जागेवर आहे. अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर, असलेले काही ऑनलाइन खेळ लिनक्सवर चालत नाहीत, ते मुलाने सोडून दिले, थोडी कुरकुर करून. ओटीटीसाठी मात्र आम्ही कॉम्प्युटर वापरतच नाही. लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये त्यांचं फोर-के मिळत नाही, टीव्हीतल्या ॲपमध्ये मिळतं.

राहिला रिमोट. साध्या ग्राफिक्स कार्डांच्या एचडीएमआयमधून सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचे आदेश पुढे पोचवणारी सोय, येत नाही, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने कॉम्प्युटर सुरूही होत नाही आणि कोडीही हलत नाही. यूएसबीचं एक वेगळं यंत्र लावून ते जमवता येतं, पण त्याऐवजी तापकीर गल्लीतून यूएसबीवर चालणारा एक स्वस्तातला रिमोट आणला. त्याला वरखाली, डावीउजवी, ओके आणि परत एवढीच बटणं हवी होती. दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्या रिमोटला मागच्या बाजूला अख्खा कीबोर्ड होता. तो बाबांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. दुसरा घेतला. त्याच्या ओके बटणावर त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून घेतला आहे.